चार इंच

दोन इंची घ्यावं की चार इंची, या एका प्रश्नावर मी अख्खा उन्हाळा घालवला. गिरणीवर दळण चालू असायचं आणि माझं लक्ष मोबाईलमध्ये. कुणीतरी कुठल्यातरी डोंगरात जीप चढवतोय, कुणी नदीत घालतोय, आणि खाली शंभर जण भांडतायत की कुठलं लिफ्ट किट चांगलं. बायको म्हणायची, "पीठ जाड पडून राहिलंय, बायका बोलून राहिल्यात." मी तिकडे दुर्लक्ष करायचो. मला वाटायचं, हिला काय कळतंय यातलं.

लिफ्ट किट म्हणजे गाडी जमिनीपासून उंच करायचं सामान. स्प्रिंगचे जास्त कमानीचे पाटे, लांब शॉकअप, लांब बोल्ट, ब्रेकच्या लांब नळ्या. शौकीन माणसं हौसेनं बसवतात. मला हौस नव्हती, निदान मी सगळ्यांना तसंच सांगायचो. मला ओढा ओलांडायचा होता.

आमचं गाव इस्लापूरपासून आत. गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये ओढा आणि ओढ्यावर फरशी पूल. पाऊस जरा नेटानं पडला की पुलावरून पाणी. एरवी आम्ही पाणी उतरायची वाट बघत बसतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण मायच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, तिला डायलिसिसला नांदेडला नेणं आलं. ते काही पाण्याची वाट बघत नाही. त्या उन्हाळ्याच्या आदल्या पावसाळ्यात चार दिवस पूल बुडालेला राहिला. माय फुगत गेली, तिला आडवं झोपता येईना. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून तिला पलीकडं काढली. ट्रॉली पुलाच्या मधोमध असताना तिनं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. त्या दिवशी मी ठरवलं की पुन्हा ही वेळ येऊ द्यायची नाही. ओढ्यामुळं माय जाता कामा नये, बास.

मग मी जुनी जीप घेतली, चारही चाकं ओढणारी. आणि लागलो तिला उंच करायच्या मागं.

मी सगळं मोजलं. ओढ्याच्या दगडावर आदल्या वर्षीच्या पुराची खूण होती, तिथवर काठी लावून पाणी मोजलं. चाकाच्या मध्यापासून जमीन मोजली, सायलेन्सरचं तोंड मोजलं, इंजिनात हवा जाते ते भोक मोजलं. वहीत आकृती काढली. पाटे बदलले की गाडीचं धड उचलतं, चाकं जोडणारा खालचा दांडा आहे तिथंच राहतो. दांडा उचलायचा तर टायर मोठे लागतात, हे मला कळलं तेव्हा मी चहाच्या हॉटेलात बसून सगळ्यांना तासभर समजावून सांगितलं. माणसं हाव हाव म्हणत उठून गेली. मायचा पाय किती वर उचलला जातो, ते मात्र मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. गुडघ्यांची तिची तक्रार पाच वर्षांची होती. मी ती रोज ऐकत होतो.

नांदेडच्या दुकानात विचारलं तर तो म्हणाला, शॅकल, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या कड्या, लांब टाकू, दोन इंच मिळतील, जास्तीच्या भानगडीत पडू नका. मला तो कामचुकार वाटला. माझी सासुरवाडी लातूरची. मेहुण्यानं सांगितलं की इकडं एक उस्ताद आहेत, पाटे स्वतः वळवून देतात, चार इंच म्हणाल तर चार. मी गिरणी बंद ठेवली आणि जीप घेऊन लातूरला गेलो.

उस्ताद साठीचे. पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी गाडीखाली सरपटत जाऊन सगळं पाहिलं, मग बाहेर येऊन हात पुसत विचारलं, "साब, गाडीत बसनार कोन?"

"मी आणि माझी माय."

"माँजीचं वय?"

"सत्तरीला आली."

"मग दोन इंच बस करा," ते म्हणाले. "चार इंचात गाडी डोलते बी आन् चढायला बी लई तरास. न्हाईतर मी पायदान लावून देतो, बाजूनं. त्याच्यावर पाय ठेवून चढतील."

पायदान! मी व्हिडिओत पाहिलं होतं की ओढ्यानाल्यात जाणाऱ्या गाडीला पायदान लावणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. दगडाला अडकतं, वाकतं, दार उघडू देत नाही. मी उस्तादांना ते ऐकवलं. ज्या माणसानं चाळीस वर्षं गाड्यांखाली काढली, त्याला मी मोबाईलवर पाहिलेलं शिकवलं. त्यांनी ऐकून घेतलं. काम सुरू करायच्या आधी मात्र एकदा पुन्हा म्हणाले, "माँजीला इच्यारून बघा एक बार. फोन लावा."

मी म्हणालो, तिला काय कळतंय. हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात बऱ्याच जणींबद्दल बोललो.

दोन दिवसांनी गाडी तयार झाली. मोठे टायर, नवे पाटे, नवे शॉकअप. गाडी उभी होती तशी मी तिच्याकडे बघतच राहिलो, खोटं कशाला बोलू. हौस नव्हती म्हणणारा मी वाटेत तीनदा उतरून तिचे फोटो काढले.

गावात गाडी आली तेव्हा माय ओट्यावर येऊन उभी राहिली. "अगं बाई, केवढी वर गेली," म्हणाली. तिनं गाडीला हळदकुंकू लावलं. चाकाला लावता आलं, वर हात पुरला नाही. मी हसलो, तीही हसली. आमचा ओटा उंच, मी जीप ओट्याला लावायचो आणि ती ओट्यावरनंच आत पाऊल टाकायची. त्यामुळं घरी काही अडलं नाही.

अडलं ते नांदेडला. दवाखान्याच्या दारात ओटा नव्हता. उतरताना ती कशीबशी घसरत उतरली. चार तास मशीनवर राहून बाहेर आली, की तिचं अंग नेहमीच गळून गेलेलं असायचं, डोळ्यांपुढं अंधारी यायची. तशीच गाडीपाशी येऊन उभी राहिली. नऊवारी नेसणारी बाई. पाय तेवढा वर टाकायचा तर लुगडं गुडघ्याच्या वर जाणार, आणि दारात रिक्षावाले, पेशंटांची माणसं, पानटपरीवरचे. तिनं आजूबाजूला पाहिलं. पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला. मागं गाड्या हॉर्न देत होत्या. मी वर ड्रायव्हरच्या सीटवर बसून ओरडलो, "माय, टाक ना पाय वर जरा!" आणि हात लांब करून तिचा हात धरून ओढला.

तो डावा हात होता. डायलिसिसच्या सुया लावायची शीर त्याच हातात केलेली असते, त्या हातावर वजन द्यायचं नाही, ओढायचा तर नाहीच, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलेलं. ती ओरडली. मी सोडलं नाही, कारण सोडली असती तर खाली पडली असती. आत येऊन बसली आणि पदराखाली तो हात धरून राहिली. भोकर येईपर्यंत मी चारदा विचारलं. चारही वेळा म्हणाली, "काय न्हाई झालं रे. तू म्होरं बघून चालव."

पुढच्या खेपेला मी प्लास्टिकचं स्टूल नेलं. ते टायरच्या बाजूला उताराला डगमगलं. दवाखान्याच्या वॉचमननं मागनं आधार देऊ का म्हणून विचारलं, ती अंग चोरून बाजूला झाली. परक्या माणसाचा हात लागू द्यायची नाही ती. काही खेपांना बायको बरोबर आली, तिनं खालून रेटलं. पण घरात गिरणी, शाळेची पोरं, ती दर वेळेला कुठून येणार.

याच दिवसांत ओढ्याला पाणी आलं. पुलावर मांडीभर. मी जीप घातली आणि पलीकडं काढली. इकडच्या काठावर माणसं उभी होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मायला म्हणालो, "बघितलंस?" ती म्हणाली, "हाव, बघितलं. लई भारी हाय तुझी गाडी." त्या सबंध पावसाळ्यात पूल बुडालेला असताना आम्ही फक्त दोनदा गेलो. बाकी सगळ्या खेपांना पाणी घोट्याएवढं, नाहीतर नव्हतंच.

श्रावणातल्या एका शुक्रवारी तिनं सांगितलं, "आज नगं. बरं वाटून राहिलं मला." मला खरंच वाटलं. चेहऱ्यावर तजेला होता, किंवा मला तसा दिसला. एक खेप चुकली. पुढच्या आठवड्यात पुन्हा एक. मग तिला कुणीतरी काढा सांगितला, त्यानं गुण येतोय म्हणाली. मी दर वेळी गाडी ओट्याला लावून हॉर्न द्यायचो, ती दारातनं हात हलवून नको म्हणायची. मी जरा कुरकुर करायचो आणि गिरणी चालू करायचो. मनातून सुटल्यासारखं वाटायचं, हेही लिहूनच टाकतो. जाऊनयेऊन अख्खा दिवस जायचा.

पोळ्याच्या आठवड्यात मंगळवार आणि शुक्रवार दोन्ही चुकले. रविवारी सकाळी तिला श्वास घेता येईना. पाय खांबासारखे सुजलेले, बोलताना मध्येच थांबायची. मी किल्ली घेऊन जीपकडं पळालो. बायको मागनं आली आणि दार धरून उभी राहिली.

"अवो, ती गाडी नका काढू."

"का? काय झालं?"

"त्येंना चढता येत न्हाई तिच्यात. घरून बसत्यात, पर तिकडून येताना जीव जातो त्येंचा. म्हणूनच जायचं टाळून राहिल्या त्या."

मी विचारलं, तू मला आधी का नाही सांगितलंस. ती रडायला लागली. म्हणाली, "शप्पथ घातली व्हती मला. म्हणल्या, त्याला नगं सांगू, लई जिवाचं करून केली त्यानं माझ्यासाठी, मन मोडंल त्याचं."

गल्लीतल्या एकाचा ऑटो होता. तो बोलावला. माय भिंत धरून दारापर्यंत आली, ऑटोत एक पाय ठेवला आणि आपली आपण आत बसली. कुणाला हात लावावा लागला नाही. ओढ्यावर त्या दिवशी बोटभर पाणी होतं. ऑटो गेला तसाच पलीकडं. इस्लापुरात अँब्युलन्स मिळाली.

माय त्यानंतर दोनच दिवस होती. रविवारी दुपारी तिला वॉर्डात घेतलं, मंगळवारी ती गेली. ते दोन दिवस मला धड आठवत नाहीत. कोण आलं, कुणी डबा आणला, काही नाही. आठवतात ती रविवारची दहा मिनिटं.

ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या. त्यांनी फाईल चाळली आणि विचारलं, किती खेपा चुकल्या. मी सांगितलं. त्या मायवर चिडल्या. "आजी, कळत नाही का तुम्हाला? मशीन रिकामं ठेवायचं तुमच्यासाठी आणि तुम्ही यायचंच नाही? लोक नंबर लावून बसलेत. का नाही आलात?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. सांगायचं सगळं तोंडाशी आलं होतं. गाडी मी उंच केली, पायदान मी नको म्हणालो, हात मी ओढला.

मायनं तोंडावरचा मास्क बाजूला केला. एकेक शब्द सुटा सुटा करत म्हणाली, "मलाच कटाळा येतो, बाई. ह्यो तर दर खेपेला गाडी घेऊन उभाच राहतो दारात. मीच येत न्हाई."

डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या. "खरंय का?"

माय माझ्याकडं बघत होती. मी "हो" म्हणालो.

"तुम्ही तरी समजवायचं ना त्यांना," त्या म्हणाल्या, आणि मास्क नीट करून पुन्हा मायला बोलू लागल्या. आजूबाजूच्या पलंगांवरची माणसं ऐकत होती. माय मान हलवून सगळं ऐकून घेत होती, शाळेत चूक कबूल करावी तसं. मी मध्ये पडलो नाही.

बोलणं संपवून त्यांनी फाईलमध्ये लिहिलं, रुग्णाने स्वतःच्या मर्जीने डायलिसिस टाळले. खाली नातेवाईकाची सही लागत होती. त्यांनी पेन पुढं केला आणि मी सही केली.