झरपटच्या काठी घर घेतलं तेव्हा

पन्नासच्या दशकातली गोष्ट. श्रावणातल्या एका दुपारी आम्ही गोंडपिपरीहून बैलगाडीत संसार भरून चांद्यात आलो... हो, तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणायचे. झरपट नदीच्या काठी बाबांनी घर घेतलं होतं आणि त्या दिवशी आमचा गृहप्रवेश होता.

बाबा शाळामास्तर. सगळा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेलेला, त्यामुळे स्वतःच्या घराचं त्यांना कोण अप्रूप! आईचं मात्र एकच चाललं होतं, नव्या चुलीवर पहिलं दूध उतू जायला हवं. ते गेलं की घर आपलं झालं. वाटेत गवळ्याकडून घेतलेल्या दुधाच्या तांब्याला तिने मला हातसुद्धा लावू दिला नाही.

गाडी दाराशी थांबली आणि आम्ही बघतच राहिलो. बाबांनी लावलेलं कुलूप जसंच्या तसं... पण अख्खं दारच काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं. आत माणसंच माणसं. ओसरीत कोंबड्या, खुंटीवर मासे धरायची जाळी, आणि आमच्या कोऱ्या चुलीत चक्क जाळ.

मला वाटलं, घर चुकलं. बाबांचा चेहरा पांढराफटक. आयुष्यात पहिल्यांदा घर घेतलं आणि राहायला यायच्या आत ते गेलंसुद्धा...

एक म्हातारी पुढे आली. "काऊन घाबरता गुरुजी? आमच्या झोपड्यात पाणी शिरलं जी. हे घर उंचावर आहे, पूर आला का आमी सारे इथीच येतो. जुन्या मालकानं सांगितलं नाई का?"

जुन्या मालकाने बरंच काही सांगितलं होतं. विहिरीचं पाणी गोड आहे, शेजार चांगला आहे... नेमकं एवढंच राहून गेलं होतं.

बाबा पोलिसांत जायच्या गोष्टी करायला लागले. तेवढ्यात आतून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. म्हातारीची सून सकाळी आमच्या देवघरात बाळंत झाली होती.

"पाणी तापवलं, पण तिच्या पोटात घालाले काईच नाई बाई," म्हातारी आईला म्हणाली. "सून डोळे उघडून नाई राह्यली."

देवघरात बाळंतपण, तेही गृहप्रवेशाच्या दिवशी... मला धडकीच भरली. आमच्या घरात सोवळंओवळं सगळ्यात कडक ते आईचंच.

आई चुलीपाशी बसली. तांब्यातलं दूध पातेल्यात ओतलं. फेस वर चढायला लागला तसे बाबा हळूच म्हणाले, "निदान थोडं तरी उतू जाऊ दे."

तिने पदराने पातेलं धरलं आणि फेस काठाला लागायच्या आत खाली उतरवलं. सगळं दूध घोट घोट करून त्या बाळंतिणीला पाजलं. आईच्या डोळ्यांत पाणी होतं, मी पाहिलं. तिला वाईट वाटतच होतं... आणि तरी तिने ते केलं.

पुढे कितीतरी वास्तुशांतींना गेले. पातेलं उतू गेलं की सगळे हात जोडतात, मीही जोडते... पण माझ्या डोळ्यांसमोर असते ती पातेलं खाली उतरवणारी माझी आई.