दुनळीवरचं हळदकुंकू

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात महाराष्ट्र मंडळाचा कुठलाही कार्यक्रम संपला, की पार्किंग लॉटमध्ये एक बाई हमखास दिसते. एका हातात उरलेल्या मसालेभाताचा डबा, आणि दुसऱ्या हाताची बोटं कुणाच्या तरी गाडीच्या दारावरून फिरतायत. गाडी कुणाची हे तिला ठाऊक नसतं, आणि त्याची तिला फिकीरही नसते. "हे दार रिपेंट केलंय," ती जाहीर करते. "ॲक्सिडेंटची गाडी आहे. कितीला फसवलं तुम्हाला?" नव्या गाडीचा पेढा वाटणाऱ्या माणसाचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होतो.

ही सुहासिनी मिरीकर. मुंबईत रंगांचं रसायनशास्त्र शिकली, लग्न करून मिशिगनला आली, आणि सगळी नोकरी मोटारींच्या रंगात काढली. कारखान्यात रंग बिघडला की हिला बोलावणं जायचं. कुठल्या कामगाराने हाताला कसलं क्रीम लावलं होतं, कुणी लोणी घातलेले पॉपकॉर्न खाऊन बॉनेटला हात लावला, हे ती रंगावरचे डाग बघून सांगायची. आरोपी कबूल होईपर्यंत सोडायची नाही. निवृत्त झाली तेव्हा कारखान्यातल्या लोकांनी तिला भिंग भेट दिलं. ते अजून तिच्या पर्समध्ये असतं, लिपस्टिकच्या शेजारी.

नवरा गुरुदत्त अगदी उलट. निवृत्त इंजिनियर, शुद्ध शाकाहारी, देवपूजा स्वतः करणारा, आणि घरात कोळी दिसला तरी त्याला कागदावर घेऊन बागेत सोडून येणारा माणूस. अशा घरात बंदूक आली कशी, ते ऐका.

मिरीकरांची एकुलती एक लेक देवयानी. तिने एरिकशी लग्न केलं. मुलगा सोन्यासारखा, त्याबद्दल दोघांची काहीच तक्रार नव्हती. प्रश्न होता तो एरिकच्या वडिलांचा, म्हणजे व्याह्यांचा. डेल त्यांचं नाव. सॅगिनॉ बे नावाच्या खाडीच्या काठी एकटेच राहायचे, बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे आणि बदकांची शिकार करायचे. बोलायचे मात्र नाहीत. लग्नाच्या दोन दिवसांत सुहासिनीला त्यांच्या तोंडून "येस मॅम", "नो मॅम" आणि जिलेबी दिल्यावर एकदा "हं" एवढंच ऐकायला मिळालं होतं.

"अगं, तुझ्या सासऱ्यांना आम्ही आवडत नाही का?" तिने देवयानीला फोनवर विचारलं होतं.

"आई, ही इज जस्ट क्वाएट, यार. शिवाय तुला काय हाक मारायची तेच त्यांना कळत नाही. इंग्लिशमध्ये वर्डच नाहीये ना, मुलाच्या सासूला."

"मग विहीणबाई म्हणायला सांग की!"

"हो, सांगते हं," असं म्हणून देवयानीने हसून फोन ठेवला होता.

आता डिसेंबरात देवयानीला बाळ होणार होतं. त्याचे हे आजोबा आणि ही आजी, आणि दोघांत धड चार वाक्यांची ओळख नाही! सुहासिनीच्या जिवाला हे फार लागलं होतं. तिच्या मते व्याही-विहिणींनी भांडावं, रुसावं, मानपानावरून एकमेकांची उणीदुणी काढावी, पण असं पाहुण्यासारखं राहू नये. बाळाच्या बारशाला दोन्हीकडचे आजीआजोबा एका सोफ्यावर बसून मोकळेपणाने हसले पाहिजेत, एवढंच तिचं मागणं होतं.

ऑगस्टात सगळे डेलच्या घरी गेले असताना तिला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती बंदूक दिसली. जुनी दुनळी, डेलच्या वडिलांची. मागच्या मोसमात बोट उलटली आणि बंदूक खाडीच्या चिखलात रात्रभर पडून राहिली. नळ्यांवर तांबेऱ्यासारखा गंज चढला होता. बंदुकांच्या दुकानदाराने बघून मान हलवली होती. भिंतीवर टांगून ठेवा म्हणाला होता.

सुहासिनीचा हात पुढे झालाच. आधी तिने डेलकडून बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घेतली, मग पर्समधून भिंग काढलं. "गंज वरवरचा आहे," ती म्हणाली. "आत गेलेला नाही. मी करून देते. बदकांच्या सीझनच्या आत."

डेलनी बंदुकीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "येस मॅम."

गाडीत बसल्यावर गुरुदत्तांनी विचारलं, "सुहास, तू आत्ता काय कबूल करून आलीस?"

"मोटारीचं दार आणि बंदुकीची नळी, दोन्ही लोखंडच," ती म्हणाली खरी, पण आपण काय मागून घेतलंय हे तिलाही कळत होतं. माणसाने बापाची आठवण तिच्या हातात दिली होती. ती बिघडली, तर पुढे "येस मॅम"सुद्धा ऐकायला मिळालं नसतं.

गुरुदत्तांनी अट घातली, गोळ्या आपल्या घरात येणार नाहीत. डेलनी ती न कुरकुरता मानली. लाकडी दस्ता त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि सगळे लोखंडी भाग सुटे करून, टॉवेलात गुंडाळून ट्रॉयला आणून दिले. गुरुदत्तांनी ते गाठोडं असं धरलं, की जणू आत साप आहे.

मग सुहासिनीने फिनिश निवडायला घेतलं. लग्नाचा शालू निवडतानाही तिने इतका वेळ लावला नव्हता. नुसता डब्यातला स्प्रे मारला तर पहिल्या हिवाळ्यातच पोपडे निघतील. सिरॅमिकचा रंग सगळ्यांत टिकाऊ, पण त्याचे दोन प्रकार. एक भट्टीत भाजून पक्का करायचा, दुसरा नुसत्या हवेत हळूहळू पक्का होणारा.

"भट्टीत म्हणजे आपल्या ओव्हनमध्ये?" गुरुदत्तांनी घाबरून विचारलं. त्या ओव्हनमध्ये ते दर रविवारी नानकटाई भाजायचे.

"जिथे अन्न शिजतं तिथे मी असलं काही घालेन का? आणि या दोन नळ्या एकमेकींना धातू वितळवून, डाखानं जोडल्यात. जुना जोड आहे, त्याला उष्णता कशाला दाखवा? हवेवरचाच रंग बरा. वेळ लागेल, पण जोड शाबूत राहील."

पुढचे कित्येक दिवस गॅरेजमध्ये तिचा दरबार भरला. नळ्यांची तोंडं रबरी बुचांनी बंद केली, कारण आत रंगाचा थेंबही जाता कामा नये. मग बारीक वाळूचा फवारा मारून गंज आणि जुना रंग उतरवला. खालून स्वच्छ, राखाडी, खरखरीत लोखंड निघालं. ते तिने पुन्हा पुन्हा द्रावणाने धुतलं. दोन नळ्यांच्या सांध्यात दडलेलं वर्षानुवर्षांचं तेल दिव्याच्या उबेने पाझरवून बाहेर काढलं. पांढरं फडकं पांढरंच राहिल्यावर तिने नळ्या तारेने छताला टांगल्या आणि घरात फर्मान काढलं. "आता याला कुणीही बोट लावायचं नाही. बोटाचं तेलही या रंगाला चालत नाही."

घरात कुणीही म्हणजे एकटे गुरुदत्तच होते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गुरुदत्तांनी अंघोळ केली, फुलवाती तुपात भिजवून निरांजन लावलं आणि दरवर्षीप्रमाणे तबक घेऊन शस्त्रपूजेला गॅरेजमध्ये गेले. त्यांची शस्त्रं म्हणजे ड्रिल, पाना, गवत कापायचं मशीन, बर्फ उडवायचं मशीन आणि लॅपटॉप. एकेकाला हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. सगळं आटोपून वर बघतात, तर नळ्या टांगलेल्या!

गुरुदत्तांची फार पंचाईत झाली. आयुष्यभर स्क्रूड्रायव्हरला शस्त्र म्हणून पुजलं, आणि आज खरंखुरं शस्त्र दारात आलेलं असताना ते तसंच ठेवायचं? बंदूक त्यांना आवडत नव्हती, हे खरं. पण नावडतं झालं तरी पाहुणं होतं, तेही व्याह्यांकडचं. त्याचा अपमान बरा दिसला नसता. त्यांनी भिंतीकडच्या बाजूला, सुहासिनीला दिसणार नाही अशा बेताने, अनामिकेने हळद टेकवली, शेजारी कुंकू टेकवलं, डोळे मिटून नमस्कार केला. आणि लगेच उपरण्याच्या टोकाने दोन्ही पुसून टाकलं. देवाला पोचलं, बायकोला कळलं नाही, असा सगळा चोख हिशेब.

दुपारी सुहासिनीने मास्क चढवला, गॅरेजचं दार उघडलं, पंखा लावला. स्प्रेगन हातात आली आणि तिचं वय गळून पडलं. एका लयीत, सारख्या अंतरावरून, हात कुठेही न थबकता, पातळ थर. मग दुसरा. राखाडी लोखंडावर गर्द काळा रंग असा पसरत गेला की ती मास्कच्या आत गुणगुणायला लागली. मग तिने तार फिरवली.

भिंतीकडच्या बाजूला रंग फाटला होता. शेजारी शेजारी दोन गोल खळगे, मधून उघडं लोखंड. रंगारी त्याला माशाचे डोळे म्हणतात. तेलकटपणा राहिला की रंग तिथून पळतो.

सुहासिनीने भिंग काढलं. दोन डोळे, बोटाच्या टोकाएवढे, एका रेषेत. त्यांच्यामागे पुसल्याचा पुसट फराटा. कुणी चुकून धरलं असतं तर अंगठा समोरच्या बाजूला उमटला असता. हे कुणीतरी मुद्दाम, जपून, भक्तिभावाने टेकवलेलं होतं. तिने वळून गवताच्या मशीनकडे बघितलं. त्याच्यावरही शेजारी शेजारी दोन टिळे, एक पिवळा, एक लाल. अंतर तेवढंच.

"अहो!" तिची हाक शेजारच्या घरातही गेली असणार. "वाती कुठल्या हाताने भिजवल्या?"

गुरुदत्त दारात आले आणि खळगे बघून त्यांचा चेहरा उतरला. "पुसलं होतं गं मी," ते पुटपुटले. कारखान्यातला एकही आरोपी इतक्या लवकर कबूल झाला नव्हता.

ती भयंकर चिडली. रडकुंडीलाही आली. उद्या दसऱ्याला डेल जेवायला येणार, रंगवलेल्या नळ्या बघणार, आणि आपण त्यांना हे दाखवायचं? बापाची बंदूक यांच्याकडे दिली आणि यांनी तिच्यावर तूप चोपडलं, असंच ते म्हणणार. गुरुदत्तांनी रात्री तिला न विचारता तिच्या आवडीचं पिठलं केलं. तिने ते खाल्लं, पण दुसऱ्यांदा घेतलं नाही.

दसऱ्याला देवयानी आणि एरिक आले, मागून आपल्या जुन्या ट्रकमधून डेल. श्रीखंडपुरी व्हायच्या आधीच सुहासिनी त्यांना गॅरेजमध्ये घेऊन गेली. लपवाछपवी तिला जमत नव्हती. तिने सरळ दाखवलं आणि म्हणाली, "आय ॲम सॉरी. सगळं काढून पुन्हा करावं लागेल."

डेल वाकले. खळग्यांकडे बघत राहिले. "व्हॉट मेड देम?"

आता गुरुदत्त पुढे झाले. कान लाल झालेले, हात जोडलेले. त्यांनी सांगितलं, की वर्षातून एकदा आम्ही आमच्या अवजारांना नमस्कार करतो. ज्याच्यामुळे हाताला काम मिळालं, त्याचे आभार मानतो. तुमच्या वडिलांची बंदूक घरात होती, तिला वगळणं मला बरं वाटलं नाही.

डेलनी ड्रिलवरचं फूल बघितलं, बर्फाच्या मशीनवरचं कुंकू बघितलं. मग वळले आणि बाहेर चालू लागले.

"गेले," सुहासिनी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

बाहेर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. पण ट्रक रस्त्याकडे गेला नाही. मागे मागे येत गॅरेजच्या तोंडाशी थांबला. डेल उतरले, त्यांनी मागचं फळकूट पाडलं. आत बोटीचं इंजिन, करवत, पान्यांची पेटी. टोपी हातात घेऊन ते गुरुदत्तांना म्हणाले, "दीज टू?"

गुरुदत्तांना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. नवमी काल होऊन गेली, हे सांगायचंही ते विसरले. तबक आलं, निरांजन आलं. ट्रकला झेंडूचा हार चढला. डेलनी इंजिनापुढे नारळ असा फोडला, की पाणी एरिकच्या शर्टावर उडालं आणि देवयानी पोट धरून हसली. सुहासिनी मात्र रंगवलेल्या नळ्यांपुढे पहारेकऱ्यासारखी उभी होती. "इकडे तूप नाही! इकडे नाही!" ती ओरडली, आणि मग स्वतःच हसत सुटली.

जेवण झाल्यावर डेल घरी गेलेच नाहीत. सुहासिनीने हातमोजे दिले, ते त्यांनी घातले. दोघांनी मिळून कच्चा रंग धुऊन काढला, पुन्हा फवारा मारला, पुन्हा तेल काढलं. काम करता करता डेलचं तोंड उघडलं. वडील कसे होते, बोट कशी उलटली, अंधारात बंदूक शोधायला ते चिखलात कसे गुडघ्यांवर रांगले. सुहासिनीने पॉपकॉर्नवाल्या कामगाराची गोष्ट सांगितली तेव्हा ते मोठ्याने हसले. रंग चढला तो आरशासारखा एकसंध. "आता हात नाही लावायचा," ती म्हणाली. "येस मॅम," डेल म्हणाले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. गुरुदत्तांनीही तसेच बांधले.

रंग पक्का झाल्यावर, डेल न्यायला आले त्या दिवशी, सुहासिनीने स्वतःच तबक आणलं. "आता लावा काय लावायचं ते," ती नवऱ्याला म्हणाली. "आता या रंगाला तुपाने काही होत नाही." गुरुदत्तांनी हळद टेकवली, कुंकू टेकवलं, आणि या वेळी पुसलं नाही.

सीझनच्या पहिल्या शनिवारी सकाळी सुहासिनी चहा गाळत होती तेव्हा फोन वाजला. डेलचा नंबर. डेल कधी कुणाला फोन करत नसत. तिने घाईघाईने फोन उचलला. पलीकडे वारा होता, पाण्याचा आवाज होता, आणि मग एक घसा खाकरला.

"वि-हीन-बाय?" ते जपून, एकेक अक्षर चाचपडत म्हणाले. "डेल हिअर."

मग ते बोलत सुटले. पाऊस पडतोय, नळ्यांवर पाणी ठरत नाही, थेंब नुसते ओघळून जातात. बदकं अजून आलीच नाहीत, पण त्याचं काही नाही. लाल-पिवळा टिळा थोडा फिकटलाय, तो पुन्हा कधी लावायचा? सुहासिनी ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तिने ते पुसलंही नाही. गाळणीतला चहा केव्हाच गळून गेला होता, आणि गुरुदत्त रिकामा कप घेऊन मुकाट्याने शेजारी उभे होते.