टकल्या माणसाच्या बॅगेतलं खोबरेल

माझ्या डोक्यावर गेली अकरा वर्षं केस नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे या टकलाने माझा घात केला आणि बहुतेक मला वाचवलंही.

सासूबाई गेल्यावर सासरे पुण्याचा फ्लॅट बंद करून आमच्याकडे दुबईला आले. बायको एकुलती एक, त्यामुळे दुसरा प्रश्नच नव्हता. सासऱ्यांची सगळी नोकरी मुंबईच्या विमानतळावर कस्टममध्ये गेली. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा उघडल्यावर निवृत्तीनंतर त्यांना एकाच माणसाच्या बॅगा उरल्या, माझ्या. आमच्या घरातून कुणी प्रवासाला निघालं की बॅग सोफ्यावर ठेवायची, आत काय काय आहे ते एकेक करून सांगायचं, आणि सगळं सांगून झालं की ते मान थोडी तिरकी करून विचारायचे, "आणि?"

बस, एवढंच. पण त्या "आणि?"मध्ये काहीतरी होतं. मी एकदा त्याला घाबरून ऑफिसातून उचललेला स्टेपलर कबूल केला होता. चौकशी संपली की ते नातीकडून खडू मागून घेत आणि बॅगेवर फुली मारत. पूर्वी कस्टममधून सुटलेल्या बॅगेवर अशी फुली असायची म्हणे. इथल्या विमानतळावर तिला काडीची किंमत नव्हती, पण फुलीशिवाय आमच्या घराबाहेर बॅग पडली नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांना नागीण झाली. उजव्या बरगडीवर, पाठीपासून पोटापर्यंत पट्टा. फोड तीन आठवड्यांत वाळले. डॉक्टर म्हणाले, झालं. सासरेही म्हणाले, झालं. पण कातडीखाली जे पेटलं होतं ते विझेना. बनियनचं कापड लागलं तरी त्यांचा श्वास अडकायचा. दिवसभर ते उजव्या हाताच्या दोन बोटांनी सदरा अंगापासून वेगळा धरून बसायचे, शिंपी माप घेताना कापड धरतो तसा.

त्यात दुबईचा एसी. चालू ठेवला तर वाऱ्याने दुखायचं, बंद केला तर घामाने. शेवटी फ्रिज आणि स्वयंपाकघराचं दार यांच्यामधे दोन फुटांची एक जागा सापडली. तिथे गारवा पोचायचा, वारा पोचत नव्हता. तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि आठ महिने ते तिथे राहिले. फ्रिज उघडायचा तर त्यांना आधी सांगून उघडायचा.

माझी मुलगी शाळेतून आली की विचारायची, "आजोबा, पेन हाऊ मच? वन टु टेन?"

"बारा."

"आजोबा, टेनच्या वर नसतं."

"मग दहा. आणि दोन उद्यासाठी राखून ठेव."

औषधं सगळी झाली. नसांच्या गोळ्यांनी त्यांना इतकी गुंगी यायची की एकदा बाथरूममध्ये पडले. डोस कमी केला, दुखणं परत. चिकटपट्ट्या झाल्या, मलमं झाली, पाठीत इंजेक्शनंही झाली. डॉक्टर चांगले होते, पण प्रत्येक वेळी खांदे उडवून "वुई कॅन ओन्ली मॅनेज" म्हणायचे. मॅनेज आम्ही करत होतो. ते कसं थांबवायचं, ते कुणी सांगत नव्हतं.

अशात पुण्यातल्या माझ्या वर्गमित्राने, जो आता वैद्य आहे, फोनवर सांगितलं, "अरे, अशा दुखण्याला विजया चांगली. तेल येतं. जिभेखाली चार थेंब."

आता इथे माझं अज्ञान कबूल करायला हवं. ब्राह्मी, शतावरी, अश्वगंधा, तशीच एखादी विजया असणार असं मी धरून चाललो. नाव किती घरगुती! मी रास अल खोरला नळ-फिटिंगच्या गोदामात मॅनेजर आहे. तिथून जवळच्याच औषधाच्या दुकानात मी जेवणाच्या सुट्टीत गेलो. काउंटरवर नेहमीचा मल्याळी फार्मसिस्ट होता.

"विजया है क्या?" मी विचारलं.

"विजया सिस्टर? वो तो शारजा ब्रांच में गया, सर. अभी दो महीना हो गया."

"नहीं नहीं, तेल. ऑइल. ससुरजी के लिए. दर्द के लिए."

तो गोंधळला. मी मोठ्या हुशारीने मित्राचा मेसेज काढून त्याच्यासमोर धरला, त्यात शास्त्रीय नावही होतं. त्याने वाचलं. मग माझा फोन हळूच उलटा करून काउंटरवर पालथा ठेवला. मागे औषधं घ्यायला दोन माणसं उभी होती, त्यांच्याकडे बघून हसला.

"सर," तो माझ्याकडे वाकून अगदी हळू म्हणाला, "उधर मेडिसिन. इधर जेल. आप ने पूछा नहीं, मैं ने सुना नहीं. खलास. यल्ला, ये बाम ले के जाओ."

मी बाम घेऊन घरी आलो. सासऱ्यांनी डबी उघडून वास घेतला. "जावईबापू, हा सर्दीचा आहे."

बायकोला मी झालेलं सगळं सांगितलं. ती पोळी लाटत होती, लाटणं हातात तसंच राहिलं.

"तू दुबईत दुकानात उभा राहून भांग मागितलीस?"

"मी विजया मागितली."

"विजया म्हणजे भांगच! आजीच्या औषधाच्या पुस्तकात आहे. तुला कोण मॅनेजर ठेवतं?"

मग ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली आणि मग ते हसणं राहिलं नाही. दाराच्या त्या बाजूला तिचे वडील बसले होते, म्हणून तिने तोंडावर पोळीचा फडका धरला.

आम्ही त्यांना भारतात नेण्याचाही विचार केला. तिथे वैद्याच्या चिठ्ठीवर ते रीतसर मिळतं. मी विषय काढला तर सासरे म्हणाले, "तिकडे मला कोण बघणार? तेल?" बायकोची नोकरी, मुलीची शाळा, माझं गोदाम, सगळं इथे. बंद फ्लॅटमध्ये बाटली असती, पण ती जिभेखाली टाकायला माणूस नसता. मी विषय परत काढला नाही, आणि त्यांना वाटलं असेल की आम्हाला पटलं.

भाच्याच्या मुंजीसाठी मी तीन दिवस पुण्याला गेलो. आता जे सांगतो ते बायकोला नंतर कळलं, आणि अजून ती पूर्ण विसरलेली नाही.

मित्राने व्हिडिओवर सासऱ्यांना तपासून चिठ्ठी आधीच लिहून ठेवली होती. बाटली देताना त्याने माझं मनगट धरलं. "हे इथे घ्यायचं. त्यांना इकडे आण, दे. तिकडे न्यायचं नाही. कळलं ना?" मी कळल्यासारखी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. बहिणीकडे परत येईपर्यंत माझा बेत पक्का झाला होता. तिच्या बाथरूममधली खोबरेलाची पारदर्शक बाटली मी रिकामी केली, धुतली, वाळवली आणि हिरवट तेल तीत ओतलं. बाटली वाळेपर्यंत मी आरशासमोर उभा होतो. आरशात माझं डोकं लख्ख चमकत होतं. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

मला शिक्षा माहीत नव्हती असं नाही. पकडलो तर नोकरी, व्हिसा, घर, सगळं गेलं असतं, आणि मी तुरुंगात. पण मला ते दोन बोटांनी धरलेला सदरा दिसायचा. बाकीचा हिशोब त्याच्यापुढे टिकत नव्हता.

निघायच्या सकाळी सासऱ्यांचा फोन आला. दुबईहून नेहमीच्या ॲपवर व्हिडिओ लागत नाही, म्हणून मुलीने दुसरं ॲप लावून दिलं होतं. मागे फ्रिजची पांढरी बाजू दिसत होती.

"बॅग भरली?"

"भरली, बाबा."

"हं. सांगा."

"कपडे. मेतकूट. भाजणी. गोडा मसाला. मुंजीचे लाडू. अनारसे."

"अनारसे काढा."

"का हो? ताईने मुद्दाम—"

"खसखस. इथे बंदी आहे. किती वर्षं राहता दुबईत?"

मी मुकाट्याने अनारस्यांचा डबा बाहेर काढला आणि मनातून खूश झालो. त्यांना एक चोरी सापडली होती. आता दुसरीकडे लक्ष जाणार नाही, असं मला वाटलं.

"आणि?"

"आणि... दाढीचं सामान. चार्जर. खोबरेल."

ते थांबले. मान तिरकी झाली.

"खोबरेल कुणाला?"

"मला."

"तुम्हाला?"

"टाळू कोरडी पडते हो."

फ्रिजची घरघर ऐकू येत होती. एवढ्या लांबून, एवढी स्पष्ट.

"बाटली जरा कॅमेऱ्यासमोर धरा, जावईबापू. उजेडाकडे."

मी धरली. खोबरेल पांढरं असतं, थंडीत गोठतं, हे सांगायला कस्टमचा अधिकारी लागत नाही. माझ्या हातातलं तेल शेवाळ्याच्या रंगाचं होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"नाव घेऊ नका," ते म्हणाले. "फोनवर तर नाहीच."

मग बराच वेळ ते नुसते त्या बाटलीकडे बघत राहिले. उजवा हात स्थिर होता, सदरा धरलेला. मग त्यांनी हळू विचारलं, "माझ्यासाठी?"

"हो."

"गुण येतो म्हणतात?"

"येतो म्हणाला. खूप जणांना."

त्यांनी मान डोलावली. त्या क्षणी ते हो म्हणाले असते तर मी बाटली घेऊन निघालो असतो. मला वाटतं, त्यांनाही ते माहीत होतं. मागून मुलीचा आवाज आला, "आजोबा, व्हॉट्स इन द बॉटल?"

"तुझ्या बाबांच्या केसांचं तेल."

"बट बाबाला हेअर कुठेय?"

"तेच म्हणतोय मी." मग ते माझ्याकडे वळले आणि आवाज बदलला. बत्तीस वर्षांचा आवाज होता तो. "बेसिनमध्ये ओता. मला दिसेल असं."

मी बाथरूममध्ये गेलो, फोन नळाला टेकवून ठेवला आणि ओतलं. तेल सावकाश पडतं. पाण्यासारखं एकदम जात नाही.

"आता पाणी घाला. खळबळवा. परत. हं. बाटली तिथल्याच कचऱ्यात टाका." थोडं थांबून ते म्हणाले, "झाला पंचनामा. सही नंतर करू." आणि फोन बंद केला.

दुपारी चारला मी घरी पोचलो. सासरे खुर्चीतून उठून उभे होते. मी येताना ते कधी उठत नसत, उठणंच किती त्रासाचं असायचं. बॅग सोफ्यावर ठेवायला त्यांनी नजरेनेच सांगितलं. परत आलेली बॅग ते कधी तपासत नसत.

त्यांनी चेन उघडली आणि डाव्या हाताने एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. शर्ट घडी उलगडून बघितले. मेतकुटाचं झाकण काढून वास घेतला. भाजणीच्या पिशवीवरून बोटं फिरवली, तळापर्यंत दाबून. अस्तराची शिवण चाचपली. दाढीच्या पिशवीतून एकेक वस्तू टेबलावर मांडली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. मुलगी खडू घेऊन तयार होती.

बॅग रिकामी झाली. ते थोडा वेळ आतल्या रिकाम्या अस्तराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आणि?"

हा तो आवाज नव्हता. मान सरळ होती. बॅगा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसांचा आवाज असा असावा, ज्यांना पुढे काय होणार हे कळत नाही.

"आणि काही नाही, बाबा," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य शंभर टक्के खरं होतं, आणि ते खोटं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"बरोबर," ते म्हणाले. "बरोबर केलंत."

नातीकडून त्यांनी खडू घेतला. फुली मारायला वाकायला लागणार होतं. ते थोडे वाकले आणि बरगडीपाशी थांबले, दात आवळून. मी रिकामी बॅग उचलली आणि त्यांच्या हाताच्या उंचीवर धरून उभा राहिलो. एक रेघ नीट आली. दुसरी मारताना त्यांचा हात पुरेना, म्हणून मी बॅग थोडी पुढे सरकवली.