बरी म्हणजे चार

पूर्वी आमच्याकडे बिअर पिणाऱ्याला नुसतं ‘पितो’ म्हणायचे. आता त्याच माणसाच्या हातात निमुळता ग्लास द्यायचा, तो उजेडाकडे धरून एक डोळा मिटायला लावायचं, की झाला रसिक. असे आम्ही चार रसिक. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारच्या जेवणाआधी, खालापूरच्या अलीकडे एका बंगल्याच्या पडवीत जमतो आणि नव्यानव्या क्राफ्ट बिअरवर मतं देतो. घरात आपल्या मताला कोण विचारतं हे चौघांनाही ठाऊक असल्यामुळे इथे आम्ही अगदी पोटतिडकीने मतं देतो.

बंगला साहेबांचा. साहेब मुंबईत नोकरी करून निवृत्त झाले आणि हवापालटासाठी इकडे आले. एकदा ते बेल्जियमला जाऊन आलेत. एकदाच, आठ दिवस. पण ते आठ दिवस आम्ही गेली चार वर्षं ऐकतोय. दुसरे गुरुजी, चौक गावाच्या बाजूच्या शाळेत तीस वर्षं शिकवून आता घरी बसलेले. तिसरे दहिवलीचे गुरांचे डॉक्टर. हे पिण्याआधी ग्लास असा हुंगतात की वाटावं, आता त्याला इंजेक्शन देणार. आणि चौथा मी. खोपोलीच्या एका कागद कारखान्यात क्वालिटी तपासतो. मूळचा घाटावरचा, पुणे जिल्ह्यातला. बायको दहिवलीची, म्हणून गेली बावीस वर्षं दहिवलीत. इतक्या वर्षांत मला इथलं सगळं समजतं असा माझा समज होता. तो कसा गेला, तेच सांगतोय.

क्वालिटीवाल्याला फॉर्म नसला की हातापायाला मुंग्या येतात. साहेब ‘मागून संत्र्याची साल येते’ म्हणायचे, डॉक्टर ‘पोटाला हलकी’ म्हणायचे, गुरुजी नुसतेच मान हलवायचे. ह्याला काय परीक्षण म्हणतात? मी फॉर्म केला. रंग, फेस, वास, चव, एकूण मत. गुरुजी म्हणाले, “मार्क द्यायला सांगू नका. तीस वर्षं दिले, आता हात जोडतो. मी आपला शब्द सांगेन.” डॉक्टरांनाही ते बरं वाटलं. मग मी फॉर्मच्या तळाशी एक तक्ताच दिला: फर्मास म्हणजे नऊ, चांगली म्हणजे सात, बरी म्हणजे चार, नको म्हणजे दोन. त्यांनी शब्द बोलायचे, मी मार्क मांडायचे. फॉर्मला लॅमिनेशन केलं, वर पेनाने लिहायचं, पुसायचं, पुन्हा वापरायचा. हा फॉर्म मी कारखान्यातल्या साहेबांनाही दाखवला होता. तक्ता वाचला मात्र कुणीच नाही. गुरुजी तर चष्माच आणत नाहीत.

तर खोपोलीच्या शिळफाट्याच्या पुढे एक हॉटेल आहे, मागच्या अंगाला बिअर बनवायच्या टाक्या. तिथे लोधिवलीचा एकजण टाक्या सांभाळायचा. वय चाळिशीचं. आधी केमिकल कंपनीत ऑपरेटर, तीन पाळ्यांत झोपेची माती झालेली. ही बिअर त्याला अशी लागली की नोकरी सोडून तो टाक्या धुवायला म्हणून इथे चिकटला आणि वर्षभरात बिअर लावायला शिकला. त्याला एकच ध्यास: घरच्या शेतातल्या तांदळाची बिअर. अख्खा तांदूळ नव्हे, गिरणीतून निघते ती कणी. कणी भाजून घालायची. मालकाने बरेच दिवस टोलवलं आणि मग एकदा सांगितलं, “ठीक आहे. तुझी एक, बंगळूरच्या सल्लागाराची आंब्याची एक, आणि आपली नेहमीची एक. त्या बंगल्यावरच्या लोकांना नंबर टाकून दे, नाव सांगू नकोस. पहिली येईल ती हॉटेलात लागेल. तुझी आली तर टाक्या तुझ्या ताब्यात, नाहीतर सल्लागाराचा माणूस येईल.”

म्हणजे एका माणसाची भाकरी आमच्या चार नाकांवर टांगली गेली. आम्ही काय केलं? आम्ही इस्त्रीचे शर्ट घालून आलो.

तो तीन जग घेऊन आला, त्यांवर खडूने आकडे. कुठली कुठली हे सांगायचं नाही म्हणून स्वतः पडवीत थांबला नाही. मागच्या मोरीवर ग्लास विसळत बसला. मोरीच्या आणि पडवीच्या मध्ये एक जाळीची खिडकी, त्यामुळे त्याला सगळं ऐकू जात होतं. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. फॉर्ममध्ये खिडकीचा रकाना नव्हता.

पहिला जग आंब्याचा. नाव सांगायची गरजच नव्हती, जग उघडला आणि अर्ध्या पडवीत मे महिना पसरला. साहेब ‘वा वा’ करायला लागले. गुरुजींनी एक घोट घेतला, ग्लास हळूच लांब ठेवला, हात हलवून म्हणाले, “फर्मास! एकदम फर्मास!” डॉक्टर म्हणाले, “हां, फर्मास.” मी दोन वेळा नऊ लिहिले.

मग दुसरा. रंग फिकट, फेस पातळ. वास मात्र असा, की मी ग्लास नाकाशी धरून थांबलोच. गरम पेजेचा वास. चुलीवरून नुकतीच उतरलेली पेज आणि तळाला किंचित लागलेली. घोट घेतला आणि, खरं सांगतो, मला ती फार आवडली. इतकी, की मी फॉर्मवर नऊ लिहायला पेन टेकवलं. तेवढ्यात साहेब म्हणाले, “पेजेसारखं लागतंय हो. हे काही जमलेलं नाही. बेल्जियममध्ये...” गुरुजींनी अख्खा ग्लास संपवला, मिशी पुसली आणि खाली बघून हळूच म्हणाले, “बरी हाय.” डॉक्टरांनी आपला ग्लास पुढे करून आणखी मागितली. “बरी हाय,” ते म्हणाले. “बरी हाय हां.”

चार. आणि पुन्हा चार.

आता दोन इथलीच माणसं, जन्मभर पेज पिऊन मोठी झालेली, तीच जर ‘बरी’ म्हणतात, तर घाटावरून आलेल्या मी कुठे नऊ देत बसू? आपल्यालाच काही कळत नाही असं दिसायला नको. मी पाच लिहिले. साहेबांचे चार. क्वालिटीत बावीस वर्षं काढलेला मी, स्वतःच्या जिभेवरच्या नऊचे पाच केले. ह्या एका आकड्याची लाज अजून जात नाही.

तिसरीला काय दिलं ते आठवत नाही, कुणालाच आठवत नाही. निकाल मी तिथूनच मालकाला मोबाइलवर पाठवला, फॉर्मच्या फोटोसकट. लोधिवलीवाला ग्लास उचलायला आत आला तेव्हा त्याचा चेहरा असा फुललेला की मला वाटलं, पोराबाळांचं काही शुभवर्तमान असेल. गुरुजींच्या पाया पडला. गुरुजी त्याचे शाळेतले मास्तर. “जातो सर,” म्हणाला. “आईला सांगतो.” काय सांगणार आहे हे मला कळेना. मी आपला फॉर्म पुसत होतो.

घरी जाऊन त्याने आईला सांगितलं, पास झाली. संध्याकाळी मालकाचा फोन आला, की तुझ्या बिअरला सतरा मार्क पडले, चाळिसात. आंबा पहिला. सल्लागाराचा माणूस येतोय, तू धुण्याबिण्याला राहायचं तर राहा. तो राहिला नाही. दुसऱ्याच आठवड्यात जुन्या कंपनीत अर्ज टाकला. आणि गुरुजी रस्त्यात दिसले तर मान वळवून जायला लागला. गुरुजींना ते फार लागलं. “माझ्याच हाताखाली शिकला,” ते मला म्हणाले, “आणि आता ओळख देत नाय. काय केलं मी त्याचं?” मी म्हटलं, जाऊ द्या गुरुजी, हरलेला माणूस आहे, राग कुणावर तरी काढणारच. असा माझा समजूतदारपणा.

दोनेक महिन्यांनी गुरुजींच्या धाकट्या मुलीला बघायला पाहुणे आले. गुरुजींनी मला बोलावलं. म्हणाले, तुमी घाटावरचे, बोलण्यात पक्के, बाजूला बसा. मुलगा डोंबिवलीला बँकेत. पोहे झाले, चहा झाला, मुलाला नोकरीचं, बदलीचं, सगळं विचारून झालं. पाहुणे मंडळी अंगणात पाय मोकळे करायला गेली आणि आत गुरुजींनी आपल्या थोरल्या भावाकडे बघितलं. भाऊ नव्वदीचे, एका शब्दावर घर हलतं असे. त्यांनी हातातल्या काठीकडे बघितलं आणि म्हणाले, “पोरगा बरा हाय.”

बरा म्हणजे चार. आता ही सोयरीक मोडणार, आणि पाहुण्यांना ते सांगायचं काम बोलण्यात पक्क्या माणसावर येणार. मी शब्द जुळवायला लागलो. तेवढ्यात गुरुजींच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला, मुलगी लाजून आत पळाली, आणि कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स फोडला. लग्नासाठी विहारातली तारीख कधी मिळेल ह्यावर बोलणं सुरू झालं. मी तोंडात पेढा धरून नुसता बसलेला.

घरी आल्यावर बायकोला विचारलं, “अगं, ‘बरा हाय’ म्हणजे काय?”

“म्हणजे बरा हाय,” ती म्हणाली.

“किती बरा?”

तिने भाजी चिरायची थांबवली. “अवो, याच्यावर शब्दच नाय आमच्यात. आपल्या माणसाचं, आपल्या घरच्या वस्तूचं कुणी तोंडभर कौतुक करतं व्हय? नजर लागंल. म्हणून बरी म्हणायचं.”

“आणि फर्मास?”

“ते परक्याच्या घरी. पानातलं नको झालं की फर्मास म्हणायचं आणि हात धुवायचा.” मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. “बावीस वर्सं झाली. आता विचारता?”

आता विचारतो, कारण बावीस वर्षांपूर्वी मला बघायला आले होते तेव्हा माझ्या सासऱ्यांनी माझ्या देखत हेच म्हटलं होतं: पोरगा बरा हाय. ते माझ्या काळजात रुतून बसलं. चालवून घेतला मला, असं मी धरून चाललो. माणूस देवाघरी जाईपर्यंत मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो. दर दिवाळीला ते माझ्यासाठी दारात उभे राहायचे, आणि मी चप्पल काढायच्या निमित्ताने खाली बघायचो. त्या दुपारी स्वयंपाकघरात मला रडू फुटलं आणि बायकोला वाटलं कांदा झोंबला. कांदा तिने चिरायला घेतलाच नव्हता.

गुरुजींना सांगितलं तेव्हा ते आधी हसले आणि मग फार चिडले. “चार? माझ्या नावावर चार? अहो, मी आयुष्यात ढ पोराला पण पस्तीस देऊन वर काढलं!” आम्ही दोघे मालकाकडे गेलो. मालक ऐकून घेत होता, पण त्याच्या पाठीमागे भिंतीवर आंब्याच्या बिअरचा भलामोठा बोर्ड लागलेला. “पुढच्या वर्षी बघू,” तो म्हणाला. “पण लेखी द्या काहीतरी.” लेखी! मीच तर दिलं होतं. लॅमिनेशन करून.

लोधिवलीला मी एकटाच गेलो. गुरुजी म्हणाले, आधी तुमी जा, चूक तुमची. तो अंगणात पाइप दुरुस्त करत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: तक्ता, चार, फर्मास, नऊचे पाच केले तेसुद्धा. पाना त्याच्या हातातच.

“म्हणजे सर खरं बोलले होते,” एवढंच तो म्हणाला.

“खरंच बोलले. मीच...”

“मी सरांना खोटारडं समजलो हो.” आणि तो तिथेच पायरीवर बसला. माझ्यावर ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग उठून आत गेला आणि फ्रिजमधून बाटली घेऊन आला. त्या लॉटमधली शेवटची, दह्याच्या पातेल्यामागे लपवून ठेवलेली. दोन स्टीलचे पेले. माझ्या पेल्यात ओतली आणि समोर उभा राहिला. तोच पेजेचा वास, तळाला किंचित लागलेला. मी अख्खा पेला संपवला. तोंड पुसलं. खाली बघितलं.

“बरी हाय,” मी म्हणालो.



“घाटावरची बरी,” त्याने विचारलं, “का आमची?”

“आमची,” मी म्हणालो.

त्याने स्वतःच्या पेल्यात एक थेंबही घेतला नाही, उरलेली सगळी माझ्या पेल्यात ओतली. “प्या सावकाश,” म्हणाला. “मला उद्यापासून कंपनीत पहिली पाळी हाय.”