वालूरकर सरांचं ‘कवा बघितलं?’

पालमची बस स्टँडवर उभी आहे, असं मी वालूरकर सरांना छातीठोकपणे सांगितलं. त्यांनी पिशवी उचललीच नाही.

“कवा बघितलं?”

“चहाच्या आधी.”

बस अर्थातच गेली होती. ही आमची पहिली भेट.

सर गणिताचे. पालमच्या शाळेत अकरा वर्षं अडकलेले, आणि त्यांच्या पत्नी, शाळेतल्या बाई, परभणीला. दोघंही आमच्याच संस्थेचे. दर शनिवारी सर एसटीनं परभणीला येत आणि सोमवारी उजाडता परत निघत. बदल्यांचं काम संगणकावर आलं, त्या उन्हाळ्यात याद्या तपासायला त्यांना संस्थेच्या परभणीच्या कचेरीत बोलावलं होतं. शिपाई म्हणाला, साहेब आलेत, तरी यांचं “कवा बघितलं?” ठरलेलं. मला समजावत, “माणूस खोटं बोलायलाय असं न्हाई. लय जुनं खरं बोलायलाय.”

प्रोग्राम माझा, आणि मला त्याचा भारी गर्व. डिस्क वाचायला वेळ लागे, म्हणून एकदा वाचलेला शिक्षक मी मेमरीतच धरून ठेवी, त्याच्या शाळेसकट आणि जोडीदारासकट. तो शिळा होऊ नये म्हणून ‘ताजं करा’ अशी कळही ठेवली होती.

शेवटी कंटाळून बाईंनीच पालम मागून घेतलं. त्यांची मंजुरी दुपारी शेजारच्या मशीनवर चढली. निघता निघता सरांनी विचारलं, “बाईचं कवा बघितलं?” मी कळ दाबली. “आत्ताच, सर.” त्या एकदाच त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

कळ दाबल्यावर सर ताजे झाले. त्यांना जोडलेल्या बाई मात्र मेमरीत सकाळच्याच राहिल्या, परभणीच्या. नवराबायको एका गावी आणायचा नियम प्रोग्रामनं इमानानं पाळला आणि सरांना परभणीला आणलं. दोन्ही हुकुमांवर सह्या झाल्या.

सोमवारी सर दोन्ही कागद घेऊन आले. आवाज चढला नाही. “तुमी मला बघितलं. तिला कवा बघितलं?”

साहेब म्हणाले, आता तीन वर्षं बदल नाही.

मग शनिवारी सर परभणीच्या स्टँडवर उभे दिसत, पालमकडून येणाऱ्या गाडीसाठी. “बस आली का, सर?” मी एकदा विचारलं.

“बघायलोय,” ते म्हणाले, नजर रस्त्यावरच ठेवून.

त्या दिवशी घरी बायकोला सगळं सांगितलं. म्हणालो, आता एक माणूस ताजा केला की त्याला जोडलेली सगळी ताजी होतात, मी तसं लिहिलंय.

तिनं भाजी चिरता चिरता मान वर केली. “हा चष्मा लागून मला महिना झाला,” ती म्हणाली. “तुम्ही मला कवा बघितलं?”