नाल्याकाठचा आंबेमोहोर

संध्याकाळी घरात आंबेमोहोर शिजल्याचा वास आला आणि आई आठवली. डमडमच्या याच घरासमोरच्या बागेत, नाल्याकाठच्या दाट झुडपांपाशी ती अशाच वासानं थबकली होती. पुण्याहून आणलेला आमचा तांदूळ तेव्हा डब्यातून भराभर संपत होता.

"इथं लपून आपलाच भात शिजवतंय कुणीतरी," ती कुजबुजली.

सोबतच्या बंगाली शेजारीण बौदी हसल्या. "अरे, ये तो गंधगोकुल है!" म्हणजे उदमांजर. त्याच्या अंगाला असा वास येतो म्हणे.

"मांजराला भाताचा वास? या बाईनंच नेलाय तांदूळ," आई मला मराठीत म्हणाली. मलाही पटलं.

पुढे झुडपं तोडून काठ सिमेंटचा झाला आणि वास गेला. आता तिथं पुन्हा झुडपं लावलीत.

"आज आंबेमोहोर का?" मी बायकोला विचारलं.

"कुठला? तो कधीच संपलाय."

मी गुपचूप नाल्याकडची खिडकी उघडली.