आईचं पुढचं वाक्य

जुबेदाआपा टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघायच्या. खारघरला त्या आमच्या शेजारी राहायला आल्या तेव्हा मला वाटलं, यांना कमी ऐकू येतं. विचारलं तर हसल्या. "कान शाबूत आहेत गं. पण आधी चित्र बघावं, मग आवाज लावावा. दोन्ही एकदम आलं की माणूस नुसता रडतो."

सरकारी वाहिनीत बातम्यांच्या चित्रफिती कापायच्या-जोडायच्या, म्हणजे संकलनाच्या कामात त्यांनी बरीच वर्षं नोकरी केली होती. मूळच्या श्रीवर्धनकडच्या, आता परत तिकडेच गेल्यात. टीव्हीवर कुणी रडताना दिसलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "रडली ते दिसलं. बोलली काय?"

सीमेवर लढाई पेटली तेव्हा आम्ही सगळे सोसायटीच्या हॉलमध्ये बातम्या बघायला जमायचो. एका संध्याकाळी पडद्यावर शहीद जवानाची आई दिसली. शवपेटीवरच्या तिरंग्यावर डोकं टेकलेलं, मागे सनईचे सूर. कुणीतरी ओरडलं, "आता सोडायचं नाही!"

"अरे, तिला बोलू द्या ना," आपा म्हणाल्या.

सेक्रेटरी देशमुख उसळले. त्यांचा मुलगा सैन्यात, तेव्हा सीमेवरच होता. "तुम्हाला काय वाटणार म्हणा यातलं!"

त्या 'तुम्हाला'चा अर्थ सगळ्यांना कळला होता. आपा उठून जातील असं मला वाटलं. त्या बसूनच राहिल्या.

"मागच्या लढाईत अशाच एका आईचं चित्रीकरण माझ्याकडे आलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "रडून झाल्यावर ती म्हणाली, 'माझा गेला. आता कुणाचाच जायला नको.' साहेब म्हणाले, रडणं ठेवा, वाक्य काढा. मी नाही म्हटलं. मग दुसऱ्याकडून कापून घेतलं आणि मला शेतीच्या कार्यक्रमात टाकलं. भाताच्या सगळ्या जाती पाठ झाल्या माझ्या." आणि देशमुखांकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुमचा पोरगा सुखरूप यावा, एवढंच मला वाटतं. त्या माउलीलाही तेच म्हणायचं होतं."

देशमुखांच्या बायकोनं उठून आपांचा हात घट्ट धरला आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू मोकळं केलं. त्या दिवसापासून सगळ्या बायका देशमुखांच्या घरी आळीपाळीनं सोबतीला जाऊ लागल्या. आपा रोज.

लढाई थांबली. दिवाळीत मुलगा सुट्टीवर आला. बॅगाही वर न नेता देशमुख त्याला घेऊन थेट आपांच्या दाराशी आले. बेल वाजवली आणि मुलाला पुढे केलं.

आपांनी मुलाला डोळे भरून पाहिलं. म्हणाल्या, "उभा काय राहिलास? आत ये. जेवलास का?"